करप्यापासून टोमॅटो-बटाटा कसा वाचवाल?

2023 सालच्या जुलै महिन्यात मुंबईत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला, हे आपल्यापैकी कोणतीही गृहिणी विसरलेली नसेल. घाटकोपरच्या आमच्या चाळीत त्या महिन्यात आमटीला चिंच नाहीतर कोकमच पडत होते. त्याच रागात आम्ही गॅलरीत रंगाच्या सहा रिकाम्या बादल्यांत टोमॅटोची रोपे लावली. रोपे जोमाने वाढली, सप्टेंबरात फळे धरली, मुलांनी ती मोजूनही ठेवली. आणि एके दिवशी खालच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसले. पाणी कमी पडले असावे, असे समजून आम्ही मगाने झाडांवर आणखी पाणी ओतले. पंधरा दिवसांत सहाही झाडे करपून गेली.

शेजारच्या मावशींनी तरुणपणी नारायणगावच्या बाजूला टोमॅटोच्या मळ्यांत मजुरी केलेली. त्यांनी पान उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "पोरी, हा करपा. पानाला पाणी घालतात का कधी? पाणी मुळाला द्यायचं." पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्या सांगण्याने चाललो. जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

करपा दोन प्रकारचा

लवकर येणारा करपा ही एक बुरशी आहे. ती आधी खालच्या जुन्या पानांना धरते. तपकिरी ठिपक्यात एकात एक वर्तुळे दिसतात आणि भोवती पान पिवळे पडते. उबदार, ओलसर हवा तिला मानवते, म्हणून आपल्या मुंबईत हाच करपा जास्त. उपाशी झाडाला तो लवकर गाठतो. तेव्हा बादलीत शेणखत किंवा गांडूळखत वेळेवर घाला.

उशिरा येणारा करपा त्याहून घातक. थंड आणि दमट हवेत तो पसरतो. पानावर पाण्यात भिजल्यासारखे काळपट डाग पडतात, सकाळी पानाच्या खालच्या बाजूस पांढरी लव दिसते आणि थोड्या दिवसांत झाड बसते. बटाटा आणि टोमॅटो ही दोन्ही पिके त्याची भक्ष्ये आहेत. 1845 साली याच रोगाने आयर्लंडमधला बटाटा शेतात कुजवला. तिथल्या गोरगरिबांचे पोट त्या एकाच पिकावर होते. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि निदान तितक्यांनी देश सोडला. त्याच काळात आयर्लंडमधून धान्य परदेशी जात होते. बटाटा रोगाने गेला, पण धान्य असून माणसे उपाशी राहिली ती व्यवस्थेमुळे. आपल्या गॅलरीनेही यातून एक धडा घ्यावा. सगळ्या बादल्यांत एकच पीक लावू नका. दोनांत टोमॅटो, बाकीच्यांत मेथी, माठ, पुदिना लावा.

पान कोरडे राहू द्या

दोन्ही करपे ओल्या पानावर रुजतात. म्हणून सगळी काळजी पान कोरडे ठेवण्याची.

मुंबईच्या पावसात टोमॅटो लावण्याचा हट्ट करू नका. सप्टेंबरात आडोशाला रोपे तयार करा आणि पाऊस ओसरला की ऑक्टोबरात बादलीत लावा. एका बादलीत एकच झाड, आणि दोन झाडांत दीड फूट अंतर. झाडाला काठीचा आधार देऊन सुतळीने सैल बांधा. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पाने काढून टाका. पाणी सकाळी, बुडाशी द्या. मातीवर नारळाच्या शेंड्या पसरा, म्हणजे मातीचे शिंतोडे पानावर उडणार नाहीत. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. वरच्या दोरीवरचे ओले कपडे झाडावर ठिबकत नाहीत ना, तेवढे पाहा.

डाग पडलेले पान दिसताच तोडा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, खताच्या डब्यात नको. मग हात धुवा. रोग लागलेली माती पुढच्या वर्षी टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची यांना वापरू नका. एप्रिल-मे महिन्यांत ती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिना-दीड महिना उन्हात तापवा.

बटाटा लावायचा असेल तर

धुतलेल्या गोणीत ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात डागविरहित, कोंब आलेला बटाटा लावा. आपल्याकडे थंडी थोडी, म्हणून पीकही थोडेच येते, पण मुलांना मातीतून बटाटा काढताना पाहणे हेही मोलाचे. रोप वाढेल तशी बुडाशी मातीची भर द्या. त्यामुळे पानांवरचा रोग पाण्याबरोबर कंदापर्यंत सहज उतरत नाही. पाने करपलीच, तर पाला कापून टाका, दोन आठवडे थांबा आणि मगच बटाटे काढा.

मोरचूद आणि चुना

नाशिककडचे द्राक्ष बागायतदार बोर्डो मिश्रण वापरतात. ते मूळ फ्रान्सचे. तिथे चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्या वेली रोगातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने 1882 साली हेरले.

एक लिटरसाठी 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम चुना घ्या. प्लास्टिकच्या दोन भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात ते वेगवेगळे विरघळवा. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतून ढवळा आणि गाळून घ्या. त्यात लोखंडी खिळा बुडवा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना थोडा वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

हे औषध रोग येण्यापूर्वीच्या बचावाचे आहे. करपलेले पान त्याने हिरवे होत नाही. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हाती लागू देऊ नका, स्वयंपाकाचे भांडे वापरू नका, तोंडाला फडके बांधा. कोवळ्या रोपांवर आणि तोडणीला आलेल्या फळांवर मुळीच फवारू नका.

आम्ही मात्र दुसऱ्या वर्षी फवारणीपर्यंत गेलोच नाही. दोनच बादल्या टोमॅटोच्या ठेवल्या, खालची पाने काढली, पाणी बुडाशी घातले. जानेवारीत पहिला टोमॅटो पिकला, तो मुलांनी मावशींना नेऊन दिला.