गोधडी शिवताना छोटी इस्त्री जपून वापरा
दिग्रसच्या वस्त्यांत माता-भगिनी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात. शिवण बसवायला छोटी इस्त्री सोयीची. पण नायलॉन, पॉलिस्टर जास्त तापले की वितळून कातडीला चिकटते. अशा कापडावर सुती फडके टाका, इस्त्री कमी तापवा. हात कोरडे ठेवा, प्लग 3 पिनांचाच घ्या. उठण्याआधी बटण बंद करा.

भाजलेच तर बांगड्या काढून 20 मिनिटे साधे पाणी सोडा. नळ नसेल तर तांब्याने ओता. चिकटलेले कापड ओढू नका. हळद, टूथपेस्ट नको, जखम चिघळते, असे आम्ही सांगतो तेव्हा 'आजी लावायची' हे उत्तर येते. चालत आले म्हणून मानू नका, तपासून घ्या, ही तथागतांची शिकवण इथेही लागू आहे. मोठा फोड आला किंवा लेकरू भाजले तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. जय भीम!