बाळाचं ब्लँकेट विकताय? आधी हे दोन प्रश्न विचारा

पेटीचरख्याला ज्याचं नाव मिळालं, त्या येरवड्यात तुम्ही घरून बाळांची ऑरगॅनिक मेरिनो ब्लँकेट विकणार? मग पुरवठादाराला आधी दोन प्रश्न विचारा.

एक, लोकर किती मायक्रॉनची? मेरिनोचा तंतू साधारण 24 मायक्रॉनपेक्षा बारीक, म्हणून टोचत नाही. आपली दख्खनी लोकर जाडीभरडी. घोंगडीला उत्तम, बाळाच्या अंगाला नाही.

दोन, 'ऑरगॅनिक'चा कागद कुठंय? 'गॉट्स'च्या 'ऑरगॅनिक' लेबलला किमान 95 टक्के प्रमाणित सेंद्रिय तंतू लागतात. कागद नाही, तर तो शब्दही नाही.

आणि गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगा: वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना सुटं ब्लँकेट नको, श्वास कोंडू शकतो. जागं असताना, मांडीवर पांघरा. एखादी विक्री गेली तरी चालेल. आईचा विश्वास जाता कामा नये!