सागवानी दार-पलंगाला घरीच पॉलिश करताय? आधी छिद्रं भरा, तेलाची फडकी जपून टाका

पावसाळा सरला, हवा कोरडी झाली की गावोगावी घराची डागडुजी निघते. जुनं सागवानी दार, आजोबांच्या वेळचा पलंग, देव्हारा यांवर सरसकट ऑइल पेंट मारला जातो आणि चांगलं लाकूड कायमचं झाकलं जातं. काही जण पॉलिश करून बघतात, पण चार हात देऊनही ते खरखरीतच राहतं. याचं कारण लाकडातच आहे.

असं का होतं?
सागवान, ऐन, बाभूळ, आंबा या लाकडांची छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात. पातळ पॉलिश त्या छिद्रांत उतरतं आणि वर खड्डे तसेच राहतात. म्हणून घरातल्या वस्तूला पॉलिश करायचं तर आधी छिद्रं भरावी लागतात.

घासाई रेषेच्या दिशेनंच
आधी 100 नंबरचा पॉलिश पेपर, मग 150 आणि शेवटी 220. हात कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेनं चालवा. आडवं घासलं तर डाग दिल्यावर ओरखडे उठून दिसतात.
वस्तूवर जुना ऑइल पेंट असेल तर सांभाळून. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. पाणी लावून वॉटर पेपरनं घासा, तोंडाला मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा आणि निघालेला गाळ गोळा करून टाका.

छिद्रं कशी भरायची?
खडूची बारीक पूड स्पिरिटमध्ये कालवा. त्यात थोडं लाखेचं पॉलिश आणि रंगापुरता गेरू किंवा पिवळी माती घाला. रंग लाकडापेक्षा किंचित गडद ठेवा. नुसता पांढरा खडू भरला तर नंतर पांढरे ठिपके दिसतात. हा लगदा फडक्यानं रेषेला आडवा चोळा म्हणजे छिद्रांत बसतो. वरचा जादा पुसून घ्या, रात्रभर वाळू द्या. मग 220 नं हलकं घासा. लगदा फक्त छिद्रांत राहिला पाहिजे. लाकडावर थर राहिला तर तिथं डाग धरत नाही.

डाग आणि पॉलिश
डाग म्हणजे स्टेन आधी मागच्या बाजूला लावून बघा. फडक्यानं लावा, दोन-तीन मिनिटांत जादा पुसा. गडद करणं सोपं असतं, फिकट करणं अवघड.
लाखेचं पॉलिश घरी करता येतं. एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण 140 ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवून गाळून घ्या. कापसाचा बोळा सुती कापडात गुंडाळून पातळ हात द्या. प्रत्येक हात वाळू द्या, मधे हलका पेपर मारा. दमट हवेत हे काम करू नका, पॉलिशवर पांढुरकी झाक येते.

बाहेरच्या दाराला लाख नको
लाखेच्या पॉलिशवर पाण्याचे पांढरे डाग पडतात. पावसाचा मारा बसणाऱ्या दाराला जवसाचं तेल बरं. इथं छिद्रं भरायची गरज नाही, उलट तेल आत मुरू द्या. पातळ हात द्या आणि अर्ध्या तासानं जादा तेल पुसून काढा, नाहीतर दार चिकट राहतं. घाण्याचं कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं. रंगाच्या दुकानातलं डबल बॉईल तेल लवकर वाळतं, पण ते खाण्याचं नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी पुन्हा एक हात द्यावा.

इथं चूक नको
जवसाचं तेल वाळताना तापतं. तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर काडी न लावताही काही तासांत ती पेटू शकतात. कडब्याची गंजी किंवा गोठा जवळ असेल तर काय होईल हे सांगायला नको. काम झालं की फडकी पाण्यात बुडवा किंवा बाहेर मोकळ्या जागी एकेक करून पसरा.
स्पिरिटचं काम चूल, दिवा, विडी यांपासून लांब आणि मोकळ्या हवेत करा. उरलेलं स्पिरिट पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. त्यात मिथेनॉल असू शकतं. ते पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जाऊ शकतो. चुकून कोणी प्यायलंच तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठा.