हरणांना बिस्किटे नकोत, गवत हवे!

मुंबई, प्रतिनिधी : बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात चरणारा चितळांचा कळप एकाएकी थबकतो. एखादी मादी पुढचा पाय जमिनीवर आपटते, शेपटी उभारते आणि शेपटीखालची पांढरीशुभ्र बाजू चमकते. इतरांसाठी हा धोक्याचा इशारा असतो. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे नाव याच खुणेवरून पडले. आपले चितळही तीच भाषा बोलते.

सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या जंगलात चितळाखेरीज सांबर आणि भेकरही आढळते. चितळ कळपाने, मुख्यतः गवतावर जगते. सांबर आकाराने मोठे, पण लाजाळू. ते बहुधा रात्री झाडपाला खाते. भेकर एकटे राहते आणि धोका जाणवताच कुत्र्यासारखे भुंकते. वानरांनी झाडावरून टाकलेला पाला व फळे चितळांना मिळतात, शिवाय उंचावरच्या पहारेकऱ्याचा इशाराही!

या तिन्ही जातींत शिंगे फक्त नरांना असतात. ती भरीव हाडाची असून ठरावीक काळाने गळतात व पुन्हा उगवतात. वाढत्या शिंगांवरील मखमली कातडीतून त्यांना रक्तपुरवठा होतो. वाढ पूर्ण होताच ती सुकते आणि नर ती झाडावर घासून काढतो. काळविटाची शिंगे मात्र कायमची असतात. शास्त्रीयदृष्ट्या काळवीट हरीण नव्हे, कुरंग आहे.

हरणाचे जठर चार कप्प्यांचे असते. उघड्यावर घाईने गिळलेला चारा ते आडोशाला बसून रवंथ करते. पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजीव हा चारा आंबवून पचनयोग्य करतात. पर्यटकांनी दिलेला पाव वा बिस्किटे तेथे झपाट्याने आंबतात, आम्लता वाढते आणि प्राणी दगावूही शकतो. खाऊच्या वासाने गिळलेली प्लास्टिकची पिशवी पोटातच अडकून राहते.

हा प्रश्न केवळ हरणांपुरता नाही. 2015 च्या अभ्यासात या जंगलात व परिसरात 35 बिबट्यांची नोंद झाली. चितळ आणि सांबर हे त्यांचे नैसर्गिक भक्ष्य; वस्तीलगतचे भटके कुत्रेही ते खातात. उकिरडे वाढले की कुत्रे वाढतात आणि त्यांच्यामागे बिबट्या मुलुंड, आरेच्या वस्त्यांपर्यंत येतो. जंगलात हरणे सुरक्षित राखणे आणि वस्तीत कचरा साचू न देणे, ही दोन्ही कामे म्हणूनच एकत्र करावी लागतील. सुट्टीच्या दिवशी उद्यानात जाणाऱ्यांनी खाऊची पिशवी बंदच ठेवावी, हे उत्तम.