निरोगी तन, शांत मन : रोजच्या सवयींचे महत्त्व



गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपल्या समाजाने मोठी मजल मारली आहे. ज्यांच्या आजोबांनी गिरणीत, रेल्वेत, बांधकामावर घाम गाळला, त्यांची नातवंडे आज बँकेत, शाळेत, कचेरीत आणि संगणकापुढे खुर्चीवर बसून काम करतात. शिक्षणाने हे घडविले, याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. परंतु त्याबरोबर एक गोष्ट नकळत घडली. अंगमेहनत सुटली, खाणे मात्र तसेच राहिले. उलट त्यात वडापाव, फरसाण आणि दिवसाकाठी चार-पाच कप गोड चहाची भर पडली.

बँकेत काम करताना मृत खातेदारांच्या वारसांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. त्यांत चाळिशी-पन्नाशीतल्या कमावत्या माणसांचे दाखले पाहिले की मन सुन्न होते. ज्या घरातला पहिलाच पगारदार माणूस जातो, तेथे मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते आणि गावाकडील वृद्ध आईवडिलांचा आधारही डळमळतो. म्हणून आरोग्य हा एकट्याचा नव्हे, साऱ्या कुटुंबाचा प्रश्न आहे.

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अनेक वर्षे मधुमेहाचा व पायांच्या वेदनांचा त्रास होता. त्या अवस्थेतही त्यांनी लेखन थांबविले नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा त्यांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. तो छापील स्वरूपात त्यांना पाहता आला नाही. त्यांनी कोट्यवधी लोकांसाठी देह झिजविला. आपण मात्र केवळ आळसाने देह झिजवावा, हे योग्य नव्हे.

बारीक माणसानेही सावध असावे

“मी तर सडपातळ आहे, मला कशाची शुगर?” असे अनेकजण म्हणतात. हा समज आपल्या पुण्यातच झालेल्या संशोधनाने खोटा ठरविला आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि पुढे त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे लहानखुरी होती. परंतु कमी होते ते मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती.

डॉ. याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. युडकिन यांच्याशी स्वतःचीही तुलना केली व ती २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती!

याचा अर्थ सोपा आहे. रक्तातील साखर मोठ्या प्रमाणात वापरतात ते स्नायू. स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त असेल, तर इन्सुलिनचे काम नीट होत नाही व साखर रक्तातच साठते. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नये, कमरेचा घेर मोजावा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

अंगी बाणविण्याच्या सवयी

१) चालणे : आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. त्यासाठी पैसे लागत नाहीत. पुणेकरांना तर पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी हाताशी आहे. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी बसच्या एक थांबा आधी उतरावे, कचेरीत जिना चढावा आणि तासाभराने खुर्चीवरून उठावे.

२) मोजके जेवण : कोसलचा राजा प्रसेनजित भरपेट जेवून धापा टाकीत तथागतांकडे आला, अशी कथा पाली साहित्यात आहे. तथागतांनी त्याला उपवास सांगितला नाही, तर मोजून जेवण्याचा उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला प्रत्येक जेवणाच्या वेळी तो उपदेश म्हणून दाखविण्याचे काम दिले. हळूहळू राजाचा आहार आटोक्यात आला, अंग हलके झाले. यातला बोध असा की, सवय लावायची तर आठवण करून देणारे कोणीतरी जवळ हवे. आपल्या घरी हे काम पत्नीने, पतीने किंवा मुलांनी करावे. ताटात भात कमी करून भाकरी, डाळ-उसळ व पालेभाजी वाढवावी. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर असावे. लोणचे, पापड, फरसाण, सुकट-बोंबील यांतील मीठही त्यातच धरावे.

३) व्यसनापासून दूर : पंचशीलातील पाचवे शील आपण सर्वजण म्हणतो. ते आचरणातही यावे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखूचा चुना काही सुटलेला नाही. आपल्या आयाबहिणी दात घासण्याच्या निमित्ताने मिशरी लावतात. तीही भाजलेली तंबाखूच आहे व तिनेही तोंडाचा कर्करोग होतो. दारूचे व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मधून अनेकांचे संसार सावरले आहेत. तेथे जाण्यात कमीपणा मानू नये.

४) झोप : सात-आठ तास झोप ही चैन नव्हे, ती गरज आहे. अपुऱ्या झोपेने रक्तदाब वाढतो, चिडचिड होते. झोपण्यापूर्वी एक तास टीव्ही व मोबाईल बंद ठेवावा.

५) मनाची निगा : पहिल्या पिढीतल्या नोकरदारावर अपेक्षांचे ओझे मोठे असते. घरचे, गावचे, भावकीचे सारे त्याच्याकडे पाहतात आणि तो मात्र कोणाशीच बोलत नाही. दिवसातून एकदा सर्वांनी एकत्र बसून जेवावे, सुखदुःख बोलावे. सकाळी दहा मिनिटे शांत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यावे. मनाची धावपळ कमी होते. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, कशातच रस वाटेनासा झाला, झोप-भूक गेली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर केवळ ध्यानावर विसंबू नये; डॉक्टरांना दाखवावे. २०२२ पासून शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र सुरू आहे व तेथे मराठीत बोलता येते. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी काही घरांत आजही मनाच्या रुग्णाला भगताकडे नेतात. बाबासाहेबांच्या अनुयायांनी तरी हे करू नये.

६) वेळेवर तपासणी : रक्तदाब व मधुमेह सुरुवातीला दुखत नाहीत, म्हणूनच ते घातक आहेत. तिशीनंतर वर्षातून एकदा दोन्ही तपासावेत. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक, अथवा उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक आली, तर त्वरित उपचार घ्यावेत. साखर १०० ते १२५ असेल तर ती धोक्याची सूचना समजावी. याच टप्प्यावर चालणे व आहार यांनी पुष्कळ काही सावरता येते. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

बंधू-भगिनींनो, आवर्ती ठेवीत दरमहा थोडी रक्कम भरत गेले की मुदतीअंती मोठी रक्कम हाती येते. सवयींचेही तसेच आहे. मात्र हप्ता चुकता कामा नये. सहाही सवयी एकदम लावण्याचा हट्ट नको. या महिन्यात एक, पुढच्या महिन्यात दुसरी, असे करावे. आपल्या विहारात दर महिन्याच्या एका रविवारी वंदनेनंतर रक्तदाब तपासण्याची सोय केली, तर ज्येष्ठांची व महिलांची आपोआप तपासणी होईल. यंत्राची किंमत फार नाही आणि समाजात शिकलेल्या परिचारिका आहेत. संस्थेच्या कार्यकारिणीने याचा अवश्य विचार करावा, ही नम्र विनंती.

सर्वांचे मंगल होवो, सर्व निरोगी राहोत!

जय भीम! नमो बुद्धाय!