घरगुती कचऱ्याचे पुनर्चक्रण (शिरूर व दौंड)

वापरून झालेल्या वस्तूतील मूळ द्रव्य वेगळे काढून त्यापासून पुन्हा कच्चा माल तयार करण्याच्या प्रक्रियेस पुनर्चक्रण म्हणतात. काचेच्या रिकाम्या बरणीत पुन्हा लोणचे भरणे हा पुनर्वापर होय. तीच बरणी फुटल्यावर तिची काच वितळवून नवी बाटली करणे हे पुनर्चक्रण होय. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे शिरूर व भीमा नदीकाठचे दौंड ही दोन्ही तालुक्याची ठिकाणे असून दोन्हीकडे नगर परिषदा आहेत. भोवतालचा प्रदेश ऊस व कांदा पिकवणारा असल्याने येथील घरगुती कचऱ्यात शेतीतील प्लास्टिकही मिसळते. घोड नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनी जलाशयात जाते. त्यामुळे काठावर टाकलेला कचरा गावापुरता राहत नाही.

पुनर्चक्रणाच्या अटी

एखादी वस्तू पुनर्चक्रणास योग्य ठरण्यासाठी तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, तिच्यातील द्रव्य पुन्हा वितळवता, भिजवून लगदा करता किंवा कुजवता आले पाहिजे. दुसरी, ते द्रव्य इतर द्रव्यांपासून वेगळे करता आले पाहिजे. तिसरी, ते गोळा करून कारखान्यापर्यंत नेण्याचा खर्च त्याच्या किमतीतून भागला पाहिजे. भंगारवाला एखादी वस्तू घेतो व दुसरी नाकारतो, त्यामागे बहुधा याच अटी असतात. तिसरी अट लहान गावांत अधिक जाचक ठरते, कारण हलका व विखुरलेला माल दूर नेणे परवडत नाही.

धातू

धातू वितळवल्याने त्यांचे मूळ गुण नष्ट होत नाहीत, म्हणून त्यांचे पुनर्चक्रण पुनःपुन्हा करता येते. तांब्यापितळेची फुटकी भांडी मोडीच्या भावाने देण्याची घरोघरची जुनी रीत हे पुनर्चक्रणाचेच रूप आहे. खनिजापासून ॲल्युमिनियम काढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे 5 टक्के ऊर्जेत भंगारापासून तोच धातू मिळतो. लोखंड चुंबकाने सहज वेगळे होते. विजेच्या तारांतील तांबे काढण्यासाठी वरचे आवरण जाळण्याची पद्धत मात्र घातक आहे. हे आवरण बहुधा पीव्हीसीचे असते व ते जळताना डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे तयार होऊ शकतात.

कागद

कागदाचा पाण्यात लगदा करून नवा कागद बनवतात. प्रत्येक वेळी त्यातील तंतू आखूड होतात, म्हणून साधारणपणे 5 ते 7 वेळांनंतर ते निरुपयोगी ठरतात. वर्तमानपत्रे, वह्या व पुठ्ठे यांना रद्दीत मागणी असते. भजी बांधलेला तेलकट कागद मात्र चालत नाही, कारण तेल तंतूंना चिकटून राहते व लगदा बिघडवते. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो. लग्नपत्रिकांवरही अनेकदा असाच पातळ पापुद्रा असतो. दुकानांतील गुळगुळीत छापील पावत्यांवर उष्णतेने काळा पडणारा रासायनिक लेप असतो. अशा पावत्या रद्दीत मिसळू नयेत.

काच

बाटल्या व बरण्या यांची काच कितीही वेळा वितळवता येते. काचेची बाटली प्रथम धुऊन पुन्हा भरणे हे अधिक काटकसरीचे असते. आरसे, खिडकीची तावदाने आणि उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट काचेची भांडी बाटल्यांच्या काचेत चालत नाहीत. त्यांची रासायनिक घडण व वितळण्याचे तापमान वेगळे असते, आणि न वितळलेला एखादा खडाही नव्या बाटलीत दोष निर्माण करतो. कपबशांची चिनी मातीही याच कारणाने वर्ज्य आहे.

प्लास्टिक

वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात दिसणारा 1 ते 7 यांपैकी अंक प्लास्टिकचा प्रकार सांगतो. ही पद्धत 1988 मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केली. ते चिन्ह पुनर्चक्रणाची हमी देते, हा समज चुकीचा आहे.

पाण्याच्या बाटल्या (1, पेट), तेलाचे डबे व बादल्यांसारख्या वस्तू (2 व 5) आणि दुधाच्या पिशव्या (4) यांचे पुनर्चक्रण होते. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा होऊ दिला नाही व पिशवी धुऊन वाळवली, तर ती विकली जाण्याची शक्यता वाढते. खताच्या विणलेल्या गोण्या, कांद्याच्या जाळीदार पिशव्या व ठिबक सिंचनाच्या नळ्या याही स्वच्छ असल्यास उपयोगी पडतात. शेतात अंथरलेला मल्चिंग पेपर मात्र पातळ असतो, फाटतो व त्याला माती चिकटते. धुण्याचा खर्च प्लास्टिकच्या किमतीपेक्षा अधिक होत असल्याने त्यास ग्राहक मिळणे कठीण जाते.

वेफर्सची पाकिटे व शाम्पूच्या पुड्या वरून साध्या दिसल्या, तरी त्यांत पॉलिथिन, पॉलिएस्टर व ॲल्युमिनियम यांचे पापुद्रे एकमेकांस घट्ट चिकटवलेले असतात. हलके पॉलिथिन सुमारे 110 अंश सेल्सिअसला, तर पॉलिएस्टर सुमारे 250 अंशांना वितळते. म्हणून ते एकत्र वितळवता येत नाहीत. थर्मोकोलच्या आकारमानात सुमारे 98 टक्के हवा असते, त्यामुळे ट्रकभर माल नेला तरी हाती थोडेच प्लास्टिक लागते. मेलामाइनची ताटे व कुकरच्या काळ्या मुठी उष्णतेने वितळत नाहीत, तर करपतात.

कापड

जुनी लुगडी व साड्या गोधडीत शिवणे किंवा बोहारणीला देऊन भांडी घेणे ही पुनर्वापराची परिचित उदाहरणे आहेत. हरियाणातील पानिपत येथे जुन्या लोकरी व ॲक्रिलिक कपड्यांपासून नवे सूत काढले जाते. सूत व पॉलिएस्टर यांच्या मिश्र कापडातील तंतू वेगळे करणे मात्र अवघड व खर्चिक आहे.

ओला कचरा

भाजीचे देठ, साली, उरलेले अन्न व निर्माल्य कुजवून खत करणे हे जैविक पुनर्चक्रण होय. शिरूर व दौंड परिसरात शेती जवळच असल्याने या खताला वाहतुकीची अडचण फारशी येत नाही. परंतु त्यात काचेचे तुकडे, ब्लेड वा प्लास्टिक मिसळलेले असल्यास शेतकरी ते शेतात टाकत नाही. अन्नासह उकिरड्यावर फेकलेल्या पिशव्या गुरांच्या पोटात जातात, हा दुसरा धोका आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती निर्माल्याबरोबर कुजत नाहीत. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात त्या विरघळवण्याची पद्धत विकसित केली आहे.

घातक व स्वच्छताविषयक कचरा

सीएफएल दिवे व ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. ते फुटल्यास पाऱ्याची वाफ हवेत मिसळते. मोबाइलची लिथियम बॅटरी दाबली वा फुटली असता पेट घेऊ शकते. मुदत संपलेली औषधे, सुया, रंगाचे डबे व कीटकनाशकांच्या बाटल्या यांनाही भंगारात स्थान नाही. कीटकनाशकाची रिकामी बाटली तीनदा खंगाळून तिला छिद्रे पाडावीत, म्हणजे तिच्यात कोणी पाणी वा तेल भरणार नाही. शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे सामायिक केंद्र आहे. अशा केंद्रात कोणता कचरा जावा, हे ठरवण्यासाठी तो घरातच वेगळा ठेवावा लागतो.

सॅनिटरी पॅड व डायपर यांत कापूस, प्लास्टिक व पाणी शोषणारा कृत्रिम पदार्थ एकजीव झालेले असतात आणि त्यांतून संसर्गाचा धोका असतो. म्हणून त्यांचे नेहमीच्या मार्गाने पुनर्चक्रण होत नाही. ते कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने प्रचारात आणली. पुडी न उघडता आतील वस्तू ओळखता यावी, हा तिचा हेतू आहे.

कायदे

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार घरातच ओला, सुका व घरगुती घातक असे वर्गीकरण करणे नागरिकांवर, तर वेगळा कचरा वेगळाच गोळा करणे नगर परिषदेसारख्या स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये 5,000 रुपये दंड ठरवला. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या व थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. पुनर्चक्रणास अयोग्य प्लास्टिक सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून वापरता येते. त्यात द्रव्य परत मिळत नसल्याने ते पुनर्चक्रण ठरत नाही.

वर्गीकरण व कचरावेचक

पुनर्चक्रण कारखान्यात पूर्ण होत असले, तरी त्याचे यश बहुतांशी घरातच ठरते. कोरडे वर्तमानपत्र उरलेल्या आमटीसह एकाच डब्यात पडले, की ते रद्दीही राहत नाही व खतालाही अडथळा होते. असा कचरा घंटागाडीत चढल्यावर वेगळा करणे जवळजवळ अशक्य असते. उरते ते काम कचरावेचकांच्या हाती येते, ज्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. पुण्यात 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने या कामास श्रम म्हणून मान्यता मिळावी, ही मागणी लावून धरली. उघडी सुई वा फुटलेली काच सुक्या कचऱ्यात गेल्यास इजा होते ती त्यांच्याच हातांना. त्यामुळे कोणती वस्तू पुनर्चक्रणास अयोग्य आहे, हे माहीत असणे योग्य वस्तूंच्या माहितीइतकेच महत्त्वाचे आहे.