दोन जीबीपाशी अडलेली वर्षं

खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचं राष्ट्रार्पण ४ ऑक्टोबर २००१ रोजी झालं. आता त्याला पंचवीस वर्षं होतील आणि तिचे शिल्पकार गोविंद स्वरूप, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या यांची आठवण निघेल. निघायलाच हवी. मला मात्र त्याच वर्षी ४ जानेवारीला आलेलं लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा असलेलं २.४ कर्नलही आठवतं. नारायणगाव ते मंचर संगणक दुरुस्त करत फिरणाऱ्या आम्हा पोरांना ती बातमीही तेवढीच मोठी वाटली होती.

 

२.४ मुळे ३२ बिटांच्या मशीनवर दोन जीबीहून मोठी फाइल शक्य झाली. पण प्रोग्रॅम जुनेच होते. फाइलमधली जागा, म्हणजे ऑफसेट, ते चिन्हासह ३२ बिटांत मोजत, म्हणजे २१४७४८३६४७ च्या पुढे आकडाच नाही. मंचरच्या एका कार्यालयात बॅकअप नेमका तिथेच थांबायचा. पुरवठादाराने डिस्क खराब ठरवून नवी विकली. बॅकअप पुन्हा तिथेच अडला. प्रोग्रॅम ६४ बिटांच्या ऑफसेटने पुन्हा कंपाइल केला आणि काम झालं. खर्च शून्य. त्या डिस्कच्या बिलाचा राग मला आजही येतो.

तेव्हा रात्र-रात्र बसून कर्नलची कागदपत्रं वाचणारी पोरं होती. एखादी मर्यादा का आहे, हे कळल्याशिवाय ती बदलत नसत. आज कुठून तरी उचललेल्या ओळी सर्व्हरवर डकवल्या जातात. परवाच एका ठिकाणी फाइल-मॅक्समध्ये, म्हणजे एकूण किती फाइली उघडता येतील त्या मर्यादेत, वीस आकडी संख्या दिसली. ‘अमर्याद’ करायचं होतं म्हणे! २०१९ पर्यंतच्या कर्नलमध्ये तिथे १८४४६७४४०७३७०९५५१६१६ लिहिलं, की ६४ बिटांत न मावल्याने मर्यादा शून्य व्हायची आणि यंत्रणा कोसळायची. कर्नलवर काम करणाऱ्या ख्रिश्चन ब्राउनरने त्याला कमाल आणि किमान सीमा घातली. त्यात किमान सीमेचं शून्य चार बाइटांचं होतं आणि वाचणारा कोड आठ बाइट वाचत होता. ती चूक दुसऱ्या एका कर्नल-विकसकाने, विल डीकनने, लगेच निस्तरली. सीमा तपासणाऱ्या कोडलाही अशी दुसरी नजर लागते.

आपल्याकडच्या कित्येक कार्यालयांत या दुरुस्तीआधीचीच कर्नलं चालू आहेत. देखभालीचं बिल दरवर्षी निघतं, कर्नल मात्र बदलत नाही. ती आधी बदला, आणि फाइल-मॅक्समध्ये आकडा लिहिणाऱ्याला तो कुठून आला ते विचारा.